विहिरीत तपासलेलं रीळ

माधवीनं मालवणहून फोनवर सांगितलं, “बाबा, आपन कयाकमधून, म्हंजे वल्ह्याच्या लहान होडीतून, समुद्रात मासे धरू. सगळ्या माशांले चालन असा एकच रॉड घ्या. अन् गळाच्या दोरीचं रीळ खाऱ्या पान्यात गंजाले नाही पायजे.”

देवरावांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. पण तेल्हाऱ्याजवळच्या त्यांच्या विहिरीचं पाणी इतकं खारं, की लोखंडी बादलीही टिकत नसे. अकोल्याहून आणलेली दोन रिळं त्यांनी आठ दिवस त्याच पाण्यात बुडवून ठेवली. एक गंजलं. दुसरं रॉडला लावून ते मालवणला गेले.

कयाक किनाऱ्यापासून लांब आली. “टाका गळ,” माधवी म्हणाली.

देवरावांनी ओंजळीत पाणी घेऊन चाखलं. रॉड मांडीवर तसाच राहिला.

“चव तं आपल्याच विहिरीची हाय, पोरी,” ते हळूच म्हणाले. “पन एवढी मोठी खंदली कोनं?”