बापाला जड नक्षत्र

"वर धर फोन, वर! छताकडे!" धुरपदाबाई ओरडल्या आणि त्यांनी मुलाच्या डोळ्यांवर हात ठेवला.

पलीकडे, फैजपूरजवळच्या गावात, नूतनने घाईने फोन फिरवला. हेमराजने डोळे उघडले तेव्हा पडद्यावर सासऱ्यांच्या घरचा पंखा फिरत होता. त्याची मुलगी त्या पंख्याखाली कुठेतरी होती. रडत होती.

नूतन पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली आणि कोरोनाची दुसरी लाट आली. जिल्ह्याच्या हद्दीवर पोलीस उभे राहिले. हेमराज धुळ्याला, देवपुरात अडकला. तो शाळेत विज्ञान शिकवायचा, तेही आता फोनवरून. मुलगी झाल्याचा निरोप आला, आणि पाठोपाठ गुरुजींचा. मूळ नक्षत्र, पहिला चरण. बापाला जड. तेच नक्षत्र पुन्हा येईल त्या दिवशी, म्हणजे सत्ताविसाव्या दिवशी, शांती करायची, बापाने मुलीचं तोंड आधी तेलाच्या वाटीत पाहायचं. तोवर अजिबात पाहायचं नाही.

"आणि आईला?" हेमराजने विचारलं.

"आईला काही भय नाही," गुरुजी म्हणाले.

फोटोचं काय करायचं, हे पोथीत नव्हतं. गुरुजींनी एक रात्र विचार करून निकाल दिला. फोटो म्हणजे तोंडच. व्हिडिओ म्हणजे हलणारं तोंड. आवाजाला दोष नाही.

"आई, फोनमध्ये पाहून काय होणार आहे?"

"तू मना एकुलता पोऱ्या शे. तुले काही व्हई गयं तं मी कोनाकडे देखसू?" हेमराजने फोन खिशात घातला.

बाकी सगळ्यांनी मुलगी पाहिली. फोटो गावभर फिरला, मग देवपुरातही आला. दूधवाला फाटकातून म्हणाला, "सर, नाक तुमचंच आहे हो." हेमराजने आरशापुढे जाऊन नाक पाहिलं. मुलीचं तेवढंच त्याला पाहता येत होतं.

नवीन नावाचा त्याचा चाळीसगावचा मित्र त्याच सुमारास बाप झाला होता. त्याने नव्या बापांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. कोणाचं पोर रात्रभर जागतं, कोणाचं दूध ओकतं, सगळं तिथे यायचं. दुसऱ्यांच्या पोरांचे फोटो हेमराज मोकळेपणी पाहायचा. त्यांची नक्षत्रं त्यांच्या बापांना. नूतनकडून ऐकलेलं तो ग्रुपवर सांगायचा. पोट दुखलं तर बेंबीला हिंग लावा. दूध पाजल्यावर खांद्यावर घ्या, पाठ थोपटा.

"तू स्वतःची पोरगी पाहिली नाही आणि आम्हाला ढेकर काढायला शिकवतो?" नवीन म्हणाला.

"माझी थिअरी पक्की आहे," हेमराज म्हणाला.

मुलगी रडू लागली की नूतन फोन लावायची. हेमराजला अंगाई येत नव्हती. तो पंख्याकडे पाहून मूलद्रव्यं म्हणायचा. हायड्रोजन, हेलियम, लिथियम.

"झोपली," नूतन हळूच सांगायची. "आज बोरॉनपर्यंतही गेली नाही."

धुरपदाबाईंनी मुलाला उंबरा ओलांडू दिला नाही. दुधाची पिशवी साबणाने धुतली जायची. सकाळी काढा, संध्याकाळी वाफ. दर तासाला त्या त्याच्या कपाळाला हात लावून पाहायच्या.

पलीकडे मात्र दार उघडं होतं. सटीच्या पूजेला गल्लीतल्या बाया आल्या, बारशाला भुसावळचे नातेवाईक आले. बाळाला माणसांची तोंडं कळावीत म्हणून त्यांनी मास्क खाली ओढले. सुरतेहून ताईबाई मावशी आल्या. त्यांचा घसा जरा बसला होता, एवढंच. फोनवर गलका ऐकून हेमराजने सासूबाईंना विचारलं, "एवढी माणसं कशाला बोलावली?"

"जावईबापू, तुम्ही तुमचं सांभाळा," लताबाई म्हणाल्या. "जड तुम्हाला आहे."

मग नूतनला खोकला सुरू झाला. बाळंतिणीला वारा लागला, असं ठरलं. कान बांधले. खाटेखाली ओव्याची धुरी दिली. धुरीने खोकला वाढला, तर धुरीही वाढवली.

"तिची टेस्ट करा," हेमराज फोनवर ओरडला.

"कच्च्या बाळंतिणीला दवाखान्याच्या गर्दीत कुठं नेता?" सासरे शालिग्राम म्हणाले.

हेमराजने जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास मागितला. तो मिळालाही. त्याने बूट घातले तेव्हा धुरपदाबाई दारात बसल्या होत्या.

"तठे पोर शे. शांती होऊ दे. मंग जाय."

"मी पोरीकडे पाहणार नाही. नूतनला गाडीत घालीन आणि जळगावला नेईन."

"आन नजर पडनी तं?"

त्याने नूतनला फोन लावला. तिला वाक्य पूर्ण करता येत नव्हतं. "आईंचं... ऐका," ती म्हणाली. "थोडेच दिवस... राहिलेत."

हेमराजने बूट काढले.

माहेरच्यांनी तिला जळगावला नेईपर्यंत उशीर झाला. बेड मिळायला आणखी उशीर झाला. हेमराज पोहोचला तेव्हा नूतन प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती. तोंड दाखवता येणार नाही, नियम आहे, असं तिथल्या माणसाने सांगितलं.

शांतीचा दिवस सुतकात गेला. पुढे शालिग्राम मुलीला घेऊन देवपुरात आले आणि त्यांनी तिला हेमराजच्या मांडीवर ठेवलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. तोंड सगळं नूतनचं होतं. नाकसुद्धा.

भेटायला आलेले जीवराम नाना अंगणात खुर्ची लांब ओढून बसले होते. त्यांनी मास्क नीट केला आणि धुरपदाबाईंना म्हणाले, "काही म्हणा अक्का, तुम्ही पथ्य कडक पाळलं. म्हणून बाप वाचला."