दर लाखामागे

"कोण पेटवतंय माझं ठाणं?" पडद्याकडं बघत इन्स्पेक्टर नागराज हसले. खोलीतले सगळे हसले. साहेब हसले की हसावंच लागतं.

नकाशावर जाळपोळीची अकरा लाल टिंबं होती. अकराच्या अकरा पोलीस ठाण्याच्या डोक्यावर.

भूमिका हसली नाही. नकाशाचं काम तिचं होतं, कंत्राटी. टिंबं तिथं का पडली ते तिला माहीत होतं. संगणक तक्रारीतला पत्ता वाचतो आणि तिथं टिंब टाकतो. त्याला दार नंबर लागतो, गल्लीचा क्रॉस लागतो, मोठ्या रस्त्याचा मेन लागतो. पत्ता सापडला नाही तर जिथं तक्रार लिहिली तिथंच टिंब टाकून तो मोकळा होतो. या अकरा तक्रारींत पत्त्याच्या जागी एवढंच होतं : तळ्यामागं, शेडमध्ये.

"चूक आहे ती. पुसून टाक," साहेब म्हणाले.

"पुसत नाही, सर. त्यांच्या जागेवर नेऊन ठेवते. स्वल्प वेळ द्या."

"सरी, सरी," साहेबांनी कन्नडमध्ये होकार दिला.

बेंगळुराच्या बाहेर, होसकोटे गावाच्या अलीकडं ते तळं. तळ्यामागं बेचाळीस शेड. पत्रा, बांबू, निळी ताडपत्री. शहरातले वीस-वीस मजले उभे करणारी माणसं इथं कमरेत वाकून स्वतःच्या घरात शिरत होती. त्यांच्यातली कस्तुराबाई बिदरकडची, मराठी बोलणारी. भूमिकाचं घराणं बेंगळुरात तीनशे वर्षं मुरलेलं, तिच्या मराठीत निम्मं कन्नड. तरी दोघींचं जमलं.

"अक्का, कोण पेटवतं?"

"मोटरसायकलवर येतेत. पेटती बाटली फेकतेत, जातेत. नावं दिलीत की ठाण्यात. जागा पाहिजे त्यांना, माय. प्लॉट पाडायचेत."

"आणि तुम्ही?"

"जळालं की पुन्हा बांधतो. दुसरं येतं काय आम्हाला?" कस्तुराबाई मोकळी हसली. "लेकरं इथल्या शाळेत हायेत. कामाला चालत जाता येतं. हलत नाही आम्ही. तू कशापायी आलीस ते सांग."

भूमिकानं फोनवर नकाशा उघडला. "हे बघा ठाणं. तुमच्या सगळ्या आगी इथं दिसतात. म्हणजे तुम्ही नकाशात नाहीच. उन्हाळ्यात बंब कुठं उभा करायचा, गस्त कुठं घालायची, ते हे बघून ठरतं. टिंबं इथं आली की बंब इथं येईल."

"खरं?"

"खरं, अक्का."

कस्तुराबाईनं तिला अकरा जागा फिरून दाखवल्या. एका जागी तिची नात भाजली होती. तिथं ती थांबली नाही, नुसतं बोट दाखवून पुढं गेली. भूमिकानं एकेक खूण केली. मग माणसंही मोजली, कारण सरकारी यादीत त्या जागेवर माणूसच नव्हता. दोनशे भरली.

संगणकानं आगींना माणसांनी भागलं. अकरा आगी, दोनशे माणसं. दर लाखामागे साडेपाच हजार. तळ्यामागचा तो तुकडा गडद लाल झाला. आजूबाजूचे लेआउट, प्लॉट पाडून वसवलेल्या त्या वसाहती, पांढरे शुभ्र. भूमिकाला वाटलं, आता तरी दिसेल.

दिसलं. मोठ्या बैठकीत मोठे साहेब खुर्चीत पुढं सरकले. "साडेपाच हजार? माणसं राहतात का राक्षस?"

"सर, ते लोक जाळत नाहीत. त्यांची घरं दुसरे जाळतात. नावं तक्रारीत आहेत."

"आग तिथंच लागते ना? मग?"

टिंबाला जागा असते. कोणी जाळलं आणि कोणाचं जळलं, ते त्याला सांगता येत नाही. सांगता आलं असतं तरी ऐकणारा लागतो. पगारी माणसांनी भरलेल्या त्या खोलीत तो नव्हता.

कागदावर वस्तीला पहिल्यांदाच नाव मिळालं : जाळपोळ-प्रवण वस्ती. शहराच्या सुरक्षेसाठी हटवणे.

भूमिका अकरा तक्रारींचा गठ्ठा घेऊन नागराज साहेबांच्या टेबलापुढं उभी राहिली. त्यांनी गठ्ठ्याला हात लावला नाही.

"तुझं कंत्राट कधी संपतं गं?"

"मार्चमध्ये, सर."

"मग मार्चपर्यंत नकाशे काढ. छान काढतेस."

ती गठ्ठा घेऊन परत आली. कपाटात ठेवला. घरी आईची औषधं होती, धाकट्याची फी होती. कारणं कोणाकडं नसतात?

पंधराव्या दिवशी जेसीबी आले. बंबसुद्धा आला. जेसीबीच्या मागं उभा राहिला, कोणी अंगावर रॉकेल ओतून घेतलं तर हाताशी असावा म्हणून. कोणी घेतलं नाही. दुपारपर्यंत जागा सपाट झाली. आठवड्यात तिला तारेचं कुंपण पडलं, महिन्यात फाटकावर लेआउटचा फलक लागला.

पुढच्या तिमाहीच्या नकाशात तळ्यामागं पांढरं होतं. आगी शून्य. नागराज साहेबांना कौतुकाचं पत्र आलं. त्यांनी उदारपणे सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला. भूमिकाचं कंत्राट वर्षभर वाढलं.

एका सकाळी मजूर उभे राहतात त्या नाक्यावर तिला कस्तुराबाई दिसली. एका हातात डब्याची पिशवी, दुसरा हात नातीच्या खांद्यावर. भूमिकानं स्कूटर थांबवली.

"अक्का... आता कुठं राहता?"

कस्तुराबाईनं नातीला मागं घेतलं. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही.

"ते अकरा वेळा आले, पोरी. आम्ही हललो नाही. तू एकदाच आलीस."