हलकं चाक

अंगणात सायकल उभी होती, पण तिला पुढचं चाकच नव्हतं. हँडलवर दोन टॉवेल वाळत पडले होते. ते पाहून गिरिधररावांच्या डोक्यात तिडीक गेली.

उमरेडच्या पलीकडच्या या खेड्यात ते नागपूरहून आले होते ते काजलसाठी. आठवीतली पोरगी. शाळेच्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं, दिवाळीपासून ती शाळेत आलेलीच नाही.

आणि सायकल कुणाची? गिरिधररावांच्या अकरा वर्षांची. हिच्यापायी त्यांनी हिंगण्याच्या कारखान्यातली इंजिनीअरची बरी नोकरी सोडली होती. मैलोन्मैल पायपीट करून शाळेत जाणाऱ्या पोरींना दमवणार नाही अशी सायकल करायची, हे एकच खूळ. बायको म्हणायची, "सवत परवडली असती, तिनं निदान पोळ्या तरी लाटल्या असत्या." नागपूरच्या आपल्या वर्कशॉपात बसून त्यांनी छर्रे, आस, ग्रीस, सगळ्यांशी झटापट केली. शेवटी चाक असं जमलं की एक टिचकी मारावी आणि त्यानं तीन मिनिटं फिरत राहावं. पहिल्या चाळीस सायकली एका संस्थेनं पंधरा ऑगस्टला वाटल्या, त्यातलीच एक काजलला मिळाली होती. आणखी पाचशे करायच्या की नाही, ते सोमवारच्या बैठकीत ठरणार होतं. बैठकीचं काय व्हायचं ते होवो. एक जरी पोरगी घरी बसली असेल तर आपण अकरा वर्षं काय केलं, हा प्रश्न त्यांना खात होता.

ते वाकून आत शिरले. घर विणकराचं. दोन हातमाग खटखटत होते, एकावर नवरा, दुसऱ्यावर काजलची आई वंदना. आणि कोपऱ्यात काजल. तिच्यापुढे लाकडी चौकटीत ठोकून बसवलेलं त्यांचंच चाक. एका हातानं ती ते फिरवत होती आणि दुसऱ्या हातातून सूत कांडीवर गुंडाळलं जात होतं. सायकलच्या चाकाचा चरखा झाला होता.

सांगायला लाज वाटावी, पण गिरिधररावांनी आधी पाहिलं ते चाक डगमगतं का. अजिबात डगमगत नव्हतं. मग त्यांना पोरीकडे पाहायचं सुचलं.

"काहून वं पोरी, शाळेत काहून नाही जाऊन राहिली?"

काजल चाक फिरवत राहिली. वंदना मागावरून उठली, पाण्याचा गडवा आणून त्यांच्यापुढे ठेवला.

"साहेब, तुमचं चाक मोठं गुणाचं हाये. कांड्या भरणाऱ्या सासूबाई गेल्यापासून हा दुसरा माग बंद होता. मी कांड्या भरू का मागावर बसू? आता कांड्या पोरगी भरते."

गिरिधररावांना हायसं वाटलं. रोग समजला, म्हणजे औषध आलंच. इंजिनीअरची जात, प्रत्येक दुखण्यावर सुटा भाग शोधणारी.

"हे चाक राहू द्या तुम्हाले," ते म्हणाले. "मी उद्याच्या उद्या दुसरं आणून बसवतो. मंग पोरीले सायकलनं शाळेत पाठवा. झालं?"

काजलचा हात थांबला. तिनं मान वर करून आईकडे पाहिलं. त्या बघण्यात इतकी आशा होती की गिरिधररावांनी नजर दुसरीकडे वळवली.

"सूत तुटन, थांबू नको," वंदना तिला म्हणाली. हात पुन्हा फिरू लागला. मग वंदना गिरिधररावांकडे वळली. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. अडाणी पाहुण्याला समजावून सांगावं तसं ती म्हणाली, "शाळेत जायाचं सायकलीवर अडलं नाही, साहेब. सायकल नव्हती तवा सात किलोमीटर पायी जात होती. एक खाडा नव्हता तिचा."

"मंग अडलं कशावर?"

"जुना चरखा लय जड होता," वंदना म्हणाली. "तिच्यानं हालतच नव्हता. म्हणून तर शाळेत पाठवत होतो."