फोटो अजून ओला आहे

"फोटो अजून ओला आहे, साहेब," एक्स-रे खोलीतून खंडागळेनं तिसऱ्यांदा सांगितलं.

फोटो केव्हाच वाळला होता. तीस वर्षं या दवाखान्यात फोटो काढून काढून खंडागळेची नजर तयार झाली होती. डॉक्टर प्रत्येक पेशंटला सांगायचे, "डाग कुठंय ते हा माझ्याआधी ओळखतो. ही नोज हिज जॉब." दहावी नापास खंडागळेला येणारं इंग्रजी तेवढंच, घरी बायकोलाही ते पाठ झालं होतं.

शेवटी खोकत खोकत डॉक्टरच आत आले. फोटो त्यांच्याच छातीचा होता.

"चष्मा घरी राहिला. तूच सांग," ते म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशातून डोकावत होता.

"मला काय कळतंय त्यातलं, साहेब?" खंडागळे फरशीकडे बघत म्हणाला. "मी आपला बटण दाबणारा माणूस."

एवढ्या वर्षांत तो असं कधी बोलला नव्हता. डॉक्टरांनी फोटो न बघताच पाकिटात सरकवला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ही नोज हिज जॉब," ते म्हणाले. ऐकायला खोलीत तिसरं कुणी नव्हतं.