टाकीचं झाकण

डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा तिसऱ्यांदा लागला तेव्हा प्रेमराजला दोंडाईच्याच्या मेकॅनिकचाच संशय आला. पण मेकॅनिक म्हणाला, “भाऊ, इंजिन बठ्ठं ठीक शे. टाकीचं झाकण ढिलं ऱ्हायनं की हाऊ दिवा लागस.” म्हणजे गाडी घरी ठेवून आपण आपल्या दुकानात असताना कोणीतरी पेट्रोल चोरतंय! प्रेमराजने झाकण आवळलं, पेट्रोलचा काटा ध्यानात ठेवला. दुसऱ्या दिवशी झाकण पुन्हा सैल, पण पेट्रोल कालच्यापेक्षा जास्त! ब्रेकच्या पेडलवर आपल्याच मळ्यातली माती, सीटखाली पेट्रोलची रिकामी बाटली. पेट्रोल भरून ठेवणारा हा कुठला चोर? जेवायला बसल्यावर वडिलांनी लोणच्याची बरणी उघडली. झाकण मात्र त्यांना परत लावता येईना. “लाव रे घट्ट.” थरथरत्या हातांमुळेच दिवाळीपासून प्रेमराजने त्यांना गाडी चालवू दिली नव्हती. त्याने बरणी बंद केली. “आबा, उद्या मळ्यात मलाही न्या. टाकीचं झाकण मी लावीन.”