निंबावरची मोळी

जमुनानं बांबूच्या पोकळ कांड्यांची मोळी बांधून बांधावरच्या निंबाला टांगली, एकएकट्या राहणाऱ्या रानटी मधमाश्यांना घर म्हणून. शेजारच्या भाजीच्या वाडीचे मालक नत्थुजी म्हणाले, "काढ ते. माह्या मजुरायले चावतीन."

"बांध माहा हाय. नाई काढत."

दुसऱ्या दिवशी दोरी कापलेली दिसली. जमुनानं मोळी तारेनं बांधली.

श्रावणात तिचा मांडव कारल्यांनी वाकला. नत्थुजींच्या वेलांवर नुसती फुलं, कारलं काही धरेना. एका सकाळी ते स्वतःच बांधावर आले. "जमुना, मलेही एक मोळी बांधून दे. माश्या माह्या वाडीत काहून येऊन नाई राहिल्या?"

 

"देतो बांधून, नत्थुभाऊ. पयले पाठीवरचा फवारणीचा पंप उतरवा."