आठ वर्षांच्या विहिरी

हार्ड डिस्क टकटक आवाज करू लागली तेव्हा डिचोलीचा मेकॅनिक गौरेश म्हणाला, "टीचर, ही आता चार दिवसांची सोबतीण. नवीन कॉम्प्युटर बघा."

सुलक्षाटीचर गावचं वाचनालय सांभाळायच्या. वाचनालयाच्या त्या कॉम्प्युटरात गावातल्या विहिरींचे आठ वर्षांचे फोटो होते. खाण सुरू झाल्यापासून पाणी कसं खाली गेलं ते दाखवणारे. आणि सोमवारी पणजीला खाणीविरुद्धच्या दाव्याची सुनावणी होती.

दुसऱ्याच सकाळी गौरेश पुन्हा डिस्क बघायला आला होता, तोच खाणीचा मॅनेजर नवाकोरा कॉम्प्युटर घेऊन दारात हजर. "वाचनालयाला कंपनीची भेट, टीचर. हा जुना डबा आम्हीच नेऊन टाकतो."

टीचरांनी भेटीच्या कागदावर सही केली. मॅनेजरचा माणूस जुन्याची वायर काढायला वाकला, तशा त्या आडव्या आल्या. "तेका हात लावू नका! गौरेश, जुन्यातले निघतील तेवढे फोटो ह्या नव्यात घाल."

मॅनेजर गोरामोरा झाला. "टीचर, भेट त्यासाठी नव्हती."

"मग कशासाठी होती?"

दुपारपर्यंत पहिल्या पाच वर्षांचे फोटो निघाले आणि जुनी डिस्क कायमची गप्प झाली.

सोमवारी कंपनीचा वकील हसत म्हणाला, "आणि शेवटच्या तीन वर्षांचे फोटो कुठे आहेत, बाई?"

"फोटो गेले," टीचर म्हणाल्या. "विहिरी थंयच आसत. येऊन वाकून बघा."